कुचिंगची नदी आणि आमच्या आत्याबाई

ह्यांनी कुचिंगचं नाव पहिल्यांदा काढलं ते जेवताना. पहिला घास घेऊन म्हणाले, "कंपनी मला बाहेर पाठवतेय. बोर्निओला. कुचिंग म्हणून शहर आहे, तिथं बर्फाच्या कारखान्यात आपले कॉम्प्रेसर बसवायचेत. चारेक महिन्यांचं काम आहे."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "बाहेर मंजी कुटं? नाशकाकडं?" त्यांनी विचारलं.

मी तेव्हा चिंचवडच्या एका मराठी शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवत होते. सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. भूगोलाची बाई असूनही कुचिंग कुठे, हे मला सांगता आलं नाही. बोर्निओ माहीत होतं, तेही पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरतं. विषुववृत्त ज्याच्या पोटातून जातं असं भलंमोठं बेट, जंगल, रबर आणि ओरांगउटान. जेवणं झाल्यावर मी नकाशांचं पुस्तक काढलं. बेटाचे तीन वाटे दिसले: दक्षिणेचा मोठा भाग इंडोनेशियाचा, उत्तरेची पट्टी मलेशियाची आणि त्या पट्टीत चिमटीत धरावं एवढं ब्रुनेई. पट्टीच्या पश्चिम टोकाला सारावाक आणि तिथं समुद्रापासून थोडं आत, एका निळ्या रेघेवर, कुचिंगचा ठिपका होता.

आत्याबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण निळी रेघ कळली.

"नदीवर हाय व्हय गाव?"

"हो, अगदी काठावर."

त्या उठल्या. भांडी घेऊन मागच्या दारी गेल्या आणि बराच वेळ घासत राहिल्या.

नदीची भीती त्यांना आधी नव्हती. लहान वयात लग्न होऊन चिंचवडच्या गावठाणात आल्या, पवनेच्या घाटावर धुणं धुतलं, पोहायलाही त्या तिथंच शिकल्या. पण पानशेत फुटलं त्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचं पुण्यातलं नदीकाठचं घर वाहून गेलं. बहीण वाचली, पण आत्याबाईंना ते कळायला मध्ये काही दिवस गेले. त्या दिवसांबद्दल त्या कधी बोलत नसत. पावसाळ्यात पवना चढली की मात्र घाटाकडे पाठ करून बसत.

हे गेले ते ऑक्टोबरात. जाताना आत्याबाईंनी दशम्या बांधून दिल्या, चिवड्याचा मोठा डबा दिला आणि विमानात खिडकीशी बसू नको म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर त्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू मास्तरीण हाईस न्हवं? मंग सांग मला त्या गावाचं. काय न्हाई ते नगं, खरं सांग."

मला खरं सांगण्याजोगं काही ठाऊकच नव्हतं. म्हणून रविवारी मी पुण्याला जाऊन एका जुन्या ग्रंथालयातून बोर्निओवरची दोन इंग्रजी पुस्तकं घेऊन आले. चिंचवडच्या स्टेशनातून गाडी सुटली की पुस्तक उघडायचं आणि पुणं आलं की मिटायचं, असं एका शिक्षणवर्गाच्या निमित्तानं महिनाभर चाललं. जे वाचलं ते संध्याकाळी ओट्यावर सांगायचं. वर्गातल्या पोरांनी कधी ऐकलं नाही इतकं लक्ष देऊन आत्याबाई ऐकायच्या.

मी सांगितलं, की तिथल्या मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर.

"मांजर? गावाला?"

"एक गोष्ट सांगतात, की कुणा गोऱ्या माणसानं गावाकडे बोट दाखवून नाव विचारलं. बोटाच्या रेषेत एक मांजर जात होतं. सांगणाऱ्याला वाटलं, हा मांजराचंच विचारतोय. दुसरे म्हणतात, तिथं मांजराच्या डोळ्यासारखं एक फळ होतं, त्यावरून नाव पडलं. आणखी कुणी म्हणतं, त्याच नावाचा एक ओढा गावातून वाहायचा."

"ओढ्याचंच आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "मांजरासाटी कोन गाव वसवतंय?"

मलाही ते पटलं. गाव वसलं ते खरं तर सुरम्यापायी. डोळ्यात घालायचा सुरमा ज्या दगडापासून होतो, तो नदीच्या वरच्या अंगाला सापडू लागला. ब्रुनेईच्या सुलतानानं आपला एक सरदार तिथं पाठवला आणि त्यानं नदीकाठी वस्ती उभी केली. तोपर्यंत तिथं मलय लोकांच्या थोड्या झोपड्या आणि आत डोंगरातून राहणारे दयाक लोक होते. सरदारानं लोकांना इतकं राबवलं, की त्यांनी बंड केलं. त्याच सुमारास एक इंग्रज स्वतःचं जहाज घेऊन आला. त्यानं बंड मिटवायला मदत केली आणि बदल्यात सुलतानाकडून तो मुलूख मिळवला. असा तो गोरा माणूस तिथला राजा झाला, आणि त्याच्या घराण्यानं पुढं शंभर वर्षं राज्य केलं.

"आमच्या जिमिनी बी आशाच ग्येल्या," आत्याबाई म्हणाल्या. "म्होरचं सांग."

बासष्टच्या आसपास गावातली बरीच शेतं कारखान्यांसाठी संपादनात गेली होती. त्यात आमचीही गेली. ह्यांची कंपनी नेमकी त्याच जागेवर उभी होती. ह्यांनी डिप्लोमा करून तिथंच नोकरी धरली, पण आत्याबाईंनी त्या फाटकाकडे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. पिंपरीच्या बाजाराला जायचं तरी दुसऱ्या रस्त्यानं जायच्या.

मी पुढचं सांगितलं. नदीच्या वरच्या भागात चिनी लोक सोनं काढायचे. एकदा राजाशी बिनसलं आणि ते होड्यांतून खाली आले, गाव पेटवलं, राजाच्या घरावर चालून गेले. राजा ओढ्यात उडी मारून वाचला. नंतर कधीतरी बाजाराला पुन्हा आग लागली. लाकडाची, झावळ्यांची दुकानं जळून गेली आणि मग विटांची पक्की दुकानं झाली. खाली दुकान, वर बिऱ्हाड. नदीच्या पलीकडे टेकाडावर एक किल्ला, त्याला राजानं आपल्या राणीचं नाव दिलेलं.

"बायकुचं नाव? किल्ल्याला?" आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. खूप दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

हळूहळू ह्यांची पत्रं येऊ लागली. पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. नदीचं वर्णन प्रत्येक पत्रात असे. ती दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, कारण समुद्राची भरती थेट शहरापर्यंत येते. सकाळी होडीतून पायरीवर पाय टाकला, तर दुपारी तीच होडी चिखलात खाली, माणसाच्या उंचीहून खोल. काठ तपकिरी, पाणीही तपकिरी. एका काठाला बाजार, दुसऱ्या काठाला खांबांवर उभी मलय लोकांची घरं. छत असलेल्या लहान होड्या दिवसभर ये-जा करतात. बाजारामागच्या एका गल्लीत आपल्याकडच्या लोकांची कापडाची दुकानं आहेत. तिथला एक म्हातारा तमिळ मुसलमान दुकानदार ह्यांना आठवड्यातून एकदा जेवायला बोलावतो आणि ताटात भात वाढतच राहतो.

"नदी उलटी वाहती?" आत्याबाईंनी हे वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. "समुद्राकडनं गावाकडं?"

"भरतीच्या वेळी हो."

"आन् तवाच वरनं पाऊस आला तर?"

भूगोलाच्या बाईला हा प्रश्न सुचायला हवा होता. मी म्हटलं, "मग पाणी जरा तुंबत असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली.

संक्रांतीच्या सुमाराला परत येतो, असं ह्यांनी कळवलं होतं. तिथला खरा पावसाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, आपल्या उलट. शेवटच्या पत्रात पाऊस थांबतच नाही, असं एक वाक्य होतं. त्यानंतर पत्र आलं नाही. संक्रांत आली आणि गेली. शेजारणींना तिळगूळ दिला, त्यांनी विचारलं, आम्ही "येतीलच आता" म्हटलं.

मग शाळेच्या शिक्षकखोलीत पडलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रात मला आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. सारावाकमध्ये मोठा पूर, कुचिंगचा सखल भाग पाण्याखाली, तारायंत्रं बंद. बाकी काही नाही. मी ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. घरी सांगावं की नाही, हे ठरवत घरापर्यंत आले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं?"

मी सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. उठून कपाटातलं नकाशांचं पुस्तक घेऊन आल्या, पान बरोब्बर उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "ह्यात उंच जागा कुटं हाय, दाव."

नकाशात ठिपका आणि रेघ यापलीकडे काही नव्हतं. कारखाना काठावर होता, कारण मासळीबाजाराला बर्फ लागायचा. ह्यांची खोली कारखान्याला लागून. उंच जागा म्हणजे पलीकडचं किल्ल्याचं टेकाड, आणि मध्ये ती नदी. मी म्हटलं, "पलीकडे टेकडी आहे."

"मंग त्यो पल्याड ग्येला आसंल," आत्याबाई म्हणाल्या. रात्री झोपेपर्यंत हे वाक्य त्या पुन:पुन्हा म्हणत राहिल्या. मला मात्र वाटत होतं, पुरात पलीकडे जाणार कसं?

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेले. तिथले एक अधिकारी परदेशी कामांचं बघायचे, मध्यम वयाचे, सौम्य बोलणारे. त्यांनी मला बसवलं आणि हसून म्हणाले, "बाई, काळजीचं कारण नाही. सिंगापूरच्या एजंटचा टेलेक्स सकाळीच आला. प्लांट सुरक्षित आहे. मशिनांपर्यंत पाणी पोचलं नाही."

"आणि माणूस?"

त्यांनी टेबलावरचा कागद पुन्हा वाचला. मग उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. "माणसाबद्दल लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "पण तसं काही असतं तर कळवलं असतं ना. मी आज विचारून घेतो. कळलं की शाळेत निरोप धाडतो."

निरोप आला नाही. घरी आल्यावर मी आत्याबाईंना टेलेक्सचं सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "उद्या मी येती," म्हणाल्या.

सकाळी आम्ही दोघी निघालो. मी रजा टाकली होती. आत्याबाई ज्या रस्त्यानं कधी गेल्या नव्हत्या, त्या रस्त्यानं पुढे चालत होत्या आणि मी मागे. पहिल्या पाळीचे लोक आत गेले होते, फाटक बंद झालं होतं. वॉचमन गावातलाच. आत्याबाईंना पाहून तो उठून उभा राहिला. "मावशी, तुमी?"

"दार उघड."

त्यानं उघडलं. आत गेल्यावर त्या एकदाच थांबल्या. ऑफिसच्या इमारतीच्या कडेला फुलझाडांचा गोल होता. त्याकडे बघून म्हणाल्या, "हितं आपली हीर हुती." मग तडक पायऱ्या चढल्या.

अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली. आत्याबाई बसल्या, पाठ ताठ ठेवून. "साहेब, मशीन वाचलं त्ये कळलं. देवाची किरपा. आता माजा ल्योक कुटं हाय, त्येवढं इचारा."

"काकू, काल विचारलंय. उत्तर यायला वेळ लागतो. तिथल्या तारा तुटल्यात. तुम्ही घरी जा, मी स्वतः येऊन सांगतो."

"न्हाई. मी बसती हितंच. तुमचं काम चालू द्या, मी आडवी येनार न्हाई."

आणि त्या खरंच बसल्या. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. टेबलावर साय धरून तो गार झाला. माणसं येत होती, फायली नेत होती, टंकलेखन यंत्रं वाजत होती. प्रत्येक येणारा आधी आत्याबाईंकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. मधल्या सुट्टीचा भोंगा झाला. अधिकाऱ्यांनी आपला डबा उघडला, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केला. मग उठले आणि म्हणाले, "मी सिंगापूरला पुन्हा टेलेक्स करतो. तिथल्या माणसाला म्हणतो, बिनतारी यंत्रावरून विचार, पोलिसांकडून विचार, पण उत्तर घेऊनच ये." ते टेलेक्सच्या खोलीत गेले ते बराच वेळ परत आलेच नाहीत. आत्याबाईंनी माझा हात धरला. आधी त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

दुपार कलू लागली तेव्हा व्हरांड्यातून पावलांचा आवाज आला. अधिकारी अक्षरशः धावत येत होते, हातात फाडलेला कागद, चष्मा कपाळावर.

"सुखरूप! काकू, सुखरूप आहेत! नदीच्या पलीकडे होते. होड्या बंद होत्या म्हणून येता आलं नाही. काल अलीकडे आलेत. पुढच्या विमानानं निघतायत."

मला कागद हातात घेऊन वाचायचा होता, पण अक्षरं दिसेनात. आत्याबाईंच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, आणि त्या पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या. मग टेबलावरचा तो गार चहा उचलला आणि सायीसकट एका दमात प्यायल्या. अधिकारी म्हणाले, "अहो काकू, गरम मागवतो!" "मागवा की," त्या म्हणाल्या, "मला भूक बी लागलीया." कॅन्टीनमधून बटाटेवडे आले. अधिकाऱ्यांनी डबा उघडला आणि आम्ही तिघांनी तो मिळून खाल्ला. त्यांच्या बायकोनं दिलेली कारल्याची भाजी आत्याबाईंनी चाटूनपुसून संपवली आणि कशी केली, तेही विचारलं. त्यांना ते सांगता आलं नाही.

चारच दिवसांत कंपनीची जीप दारात उभी राहिली. हे उतरले ते वाळलेले, काळवंडलेले, पायांना डासांचे फोड. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग दोन्ही दंड धरून त्यांना नीट पाहून घेतलं, मग आंघोळीला पिटाळलं. जेवल्यावर ओट्यावर बसून ह्यांनी सगळं सांगितलं.

कारखान्याचा मुकादम मलय होता. काम संपलं म्हणून त्यानं ह्यांना पलीकडे घरी जेवायला बोलावलं. जेवणं चालू असतानाच पाऊस वाढला आणि भरतीही त्याच वेळची. होडीवाल्यानं होडी बांधून टाकली. रात्रीत पाणी घराखाली आलं. घर खांबांवर, त्यामुळे वरची फळी कोरडी राहिली, पण फटींतून पाणी सरकताना दिसायचं. सखल घरांतली माणसं याच घरात आली. कोंबड्या, बकऱ्या, तान्ही मुलं, सगळी एका फळीवर.

"मुकादमाची आई होती," हे म्हणाले. "तुझ्याच वयाची. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. खांब बघायची आणि हातानं सांगायची, आता चढेल, आता उतरेल. आणि तसंच व्हायचं. भरतीला चढायचं, ओहोटीला उतरायचं. पण प्रत्येक ओहोटीला आधीपेक्षा थोडं जास्त उतरायचं. तिच्यामुळे आम्हा सगळ्यांना धीर आला. तिनं मला तिचं पांघरूण दिलं आणि स्वतः चटईवर झोपली."

"मंग तू तिला काय दिलंस?"

"माझ्याजवळ काय होतं? अलीकडे आल्यावर डब्यात उरलेला चिवडा होता, तो डब्यासकट पाठवला."

"बरं क्येलंस," आत्याबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "ती कशी म्हंती, आता चढंल?" ह्यांनी हात हळूहळू वर नेऊन दाखवला. आत्याबाईंनीही तसाच हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

त्या दुपारी आत्याबाई आत जाऊन झोपल्या. दुपारी झोपणं त्यांना पाप वाटायचं, पण त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत आणि आम्हीही उठवलं नाही.

पुढं पुष्कळ वर्षं ह्यांची कंपनीची कामं चालली. ऐंशीनंतर नायजेरियाची एक संधी आली होती, ती ह्यांनी स्वतःहून नाकारली. आत्याबाई म्हणत होत्या, जा की, मी हाय.

पण मला आठवतो तो त्याच फेब्रुवारीतला एक रविवार. आत्याबाईंचं माहेर महाळुंग्याचं. तेव्हा तिथं शेतंच शेतं होती. त्यांच्या भावानं आम्हाला बोलावलं. चाकणपर्यंत एस.टी.नं गेलो, बाजाराच्या कडेनं कांद्यांनी भरलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या, त्यांतल्याच एका गाडीवानानं आम्हाला पुढं सोडलं. मामांनी हुरडा भाजला. हे शेकोटीशी बसून कणसं चोळत होते, हात काळे करून घेत होते. आत्याबाई भावजयीशी कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. कुणी पुराचं नाव काढलं नाही, कुचिंगचं काढलं नाही. वारा कांद्याच्या पातीवरून येत होता. मी बांधावर पाय सोडून बसले, आणि कितीतरी वेळ कसलाच विचार केला नाही.